माया लोकांच्या घराचा खोका: गोटे झकास, चाकं बेकार

मे महिन्यात नातवाला नऊ पूर्ण झाली. त्याला रिमोटची गाडी हवी होती. सून म्हणाली, "आई, मागची गाडी चार दिवसांत विहिरीत गेली, या वेळी काहीतरी डोक्याचं घेऊ." तिनेच फोनवर हा खोका शोधला. प्राचीन माया लोकांचं घर, वय आठ ते चौदा, पुस्तिका मराठीत, किंमत १,४९९ रुपये. माया म्हटल्यावर मला आधी वाटलं, हे काही कीर्तनातल्या मायेचं प्रकरण आहे. आमच्या गल्लीतच माया नावाच्या दोघीजणी आहेत. हे माया लोक मात्र तिकडे अमेरिका खंडातले: मेक्सिकोच्या दक्षिण भागातले, ग्वाटेमाला आणि बेलीझचे, होंडुरास-एल साल्वादोरच्या काही भागातले.

मी एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. मुलं खेळणं कुठून मोडायला सुरुवात करतात हे मला ते बनवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. त्यामुळे खोका आला की आधी मी उघडणार असं ठरलं होतं.

आला कसा ते ऐका. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, फाट्यापासून आत. कुरिअरवाला इथपर्यंत येत नाही. फोनवर 'माल पोहोचला' असा मेसेज आला तेव्हा माल तालुक्याच्या एका मोबाइलच्या दुकानात पडून होता. दोन दिवसांनी हे खत आणायला गेले, तेव्हा खोका डीएपीच्या पोत्यावर सुतळीने बांधून आणला. एक कोपरा चेपलेला होता, पण तो कंपनीचा दोष की आमच्या रस्त्याचा, हे मी सांगू शकत नाही.

आत काय होतं: पुठ्ठ्याच्या चार झोपड्या, मधे ठेवायचं अंगण, भाजलेल्या मातीचे तीन गोटे, एक लाकडी टकळी, कमरेला बांधायचा छोटा माग, चित्रं-माहितीचे चाळीस पत्ते, मोजणीचा संच, दात्यांची पुठ्ठ्याची चाकं आणि चोवीस पानांची पुस्तिका. खोक्यावर चित्र मात्र उंच पायऱ्यांच्या देवळाचं आणि पिसांचा टोप घातलेल्या राजाचं. आत देऊळ नाही. मला ते बरंच वाटलं, पण नातू रुसला.

सगळ्यात आधी गोट्यांवर हात गेला तो आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. वय चौऱ्याऐंशी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

"हे कायचे वं गोटे?"

"चूल आहे, आत्याबाई. त्या लोकांची."

"मंग त्यात पाहाचं काय? वावरात आपनबी असेच तीन मांडतो. हे पैसे देऊन आनले का तुमी?"

आणले. आणि सांगते, खोक्यातली सगळ्यात चांगली वस्तू हीच. पुस्तिकेत या तीन गोट्यांवर अख्खं पान आहे. ग्वाटेमालात किरिग्वा नावाच्या ठिकाणी एक उंच कोरीव दगड आहे, इसवी सन ७७५ मधला. त्यावर लिहिलंय की आत्ताचं जग सुरू झालं तेव्हा देवांनी तीन दगड मांडले. तो दिवस आपल्या गणतीने इसवी सनपूर्व ३११४ मधला येतो. म्हणजे जगाची सुरुवात चुलीपासून! ग्वाटेमालातले माया लोक आजही ते तीन दगड आकाशात दाखवतात आणि ते आहेत आपल्या मृग नक्षत्रात. मृगाच्या पोटातल्या बाणाची एक चांदणी आणि दोन पायांच्या दोन, अशा तिघी मिळून चूल, आणि मधे जो धुरकट डाग दिसतो तो चुलीचा धूर. हे वाचून दाखवल्यावर ह्यांनी पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवलं. आमच्याकडे मृग म्हणजे पेरणी. त्यात कोणाला चूल दिसेल असं ह्यांना कधी वाटलं नव्हतं. नातवाला लगेच बाहेर जाऊन पाहायचं होतं, पण मे महिन्यात मृग रात्रीचा दिसत नाही, दिवाळीनंतर बघू म्हटलं.

आता झोपड्या. एका कुटुंबाच्या चार झोपड्या का, हा नातवाचा पहिला प्रश्न. एक निजायची, एक स्वयंपाकाची, एक कोठाराची आणि चौथी घामाच्या अंघोळीची. मधे अंगण. अशा अंगणाभोवती भावाभावांची बिऱ्हाडं वाढत जायची, घरातलं माणूस गेलं की त्याला बरेचदा त्याच घराच्या जमिनीखाली पुरायचे आणि वर पुन्हा राहायचे. सून म्हणाली, "बाई गं." आत्याबाई म्हणाल्या, "काऊन? आपलेच तं हायत. बाहेर कुठी टाकाचे?"

या झोपड्यांचा नमुना होया दे सेरेन या गावावरून घेतलाय, असं पुस्तिका सांगते. ही पानं मी तीनदा वाचली. एल साल्वादोरमधलं हे छोटं खेडं. साधारण इसवी सन ६०० च्या सुमाराला शेजारचा ज्वालामुखी फुटला आणि गाव कित्येक मीटर राखेखाली गेलं. १९७६ मध्ये धान्याची कोठारं बांधायला बुलडोझर चालवला तेव्हा ते सापडलं आणि १९९३ मध्ये जागतिक वारशात गेलं. माणसांचे सांगाडे गावात मिळाले नाहीत, म्हणजे लोक पळाले. पण घरं जशीच्या तशी. भांड्यांत शेंगांचे दाणे, आढ्याला मिरच्यांच्या माळा, कोठारात दाव्याला बांधलेलं बदक. वाडग्यांत चाटून पुसल्याचे बोटांचे माग. निजायच्या चटया अजून गुंडाळलेल्याच होत्या, त्यावरून संध्याकाळची जेवणं झाली होती आणि अंथरुणं पडायची होती असा अंदाज बांधतात. पळताना बदक सोडायचं राहिलं. ते पान वाचून झाल्यावर आमच्या घरी थोडा वेळ कोणी बोललं नाही.

आणि काचेसारख्या काळ्या दगडाची धारदार पाती त्यांनी छपराच्या गवतात खोचून ठेवली होती, पोरांचा हात पोहोचू नये म्हणून. हे ऐकून आत्याबाईंनी बोट वर केलं. आमच्या मागच्या पडवीत विळा आजही आढ्याच्या सांदीत असतो. "मी बी तिथीच खोसतो," त्या म्हणाल्या, जणू काही त्या गावच्या बाईची नि त्यांची कालच बाजारात भेट झाली होती.

मिरचीबद्दल एक तक्रार. त्या माळांचं चित्र आहे, पण ही मिरची आपल्याकडे तिकडूनच आली, पोर्तुगीजांबरोबर, हे पुस्तिकेत कुठेच नाही. भिवापुरी मिरचीचा ठेचा खाणाऱ्या पोराला हे सांगितलं तर तो पुढची दहा पानं वाचेल. मका तिकडचा, सीताफळ अमेरिकेचंच. कापसाचं तर काय सांगावं. टकळीवर सूत काढणाऱ्या बाईचा पत्ता छान आहे, टकळीचं टोक वाडग्यात टेकवून ती सूत काढते. पण आज आमच्या वावरात जो बीटी उभा आहे, तो मूळचा त्याच मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या जातीचा आणि आपला गावरान कापूस वेगळा, हे एका ओळीत लिहायला काय जात होतं? यवतमाळ जिल्ह्यात खोका विकायचा आणि कापसाबद्दल गप्प बसायचं! त्यांचं कापड कर म्हणूनही वसूल व्हायचं. स्पॅनिश आले त्यांनीही बायकांकडून कापडाचे ठाण मागून घेतले. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर कापड किती उरतं, हा हिशेब दिसतो तिकडेही होता.

माग वापरून पाहिला. एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं टोक पट्ट्याने आपल्या कमरेमागून घ्यायचं आणि मागे-पुढे होऊन ताण सांभाळायचा. ओसरीच्या खांबाला बांधून सुनेने चार बोटं पट्टी विणली. पट्टा मात्र कचकड्याचा आहे, तिसऱ्या दिवशी तुटला. आता जुन्या लुगड्याचा काठ लावलाय, तो टिकेल.

मक्याचा प्रयोग हा माझा हट्ट. पुस्तिकेत लिहिलंय की माया बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवायच्या, मग धुऊन पाट्यावर वाटायच्या. आहाराची ट्रेनिंगं मी इतकी केली आहेत की हे वाचून हात शिवशिवले. नुसत्या मक्यावर माणूस जगला तर पेलाग्रा होतो, अंगाला चट्टे, जुलाब, भ्रम. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण अडकलेलं. चुना ते मोकळं करतो. युरोपात मका नेला, चुन्याची रीत नेली नाही, तर इटली-स्पेनमध्ये लोक आजारी पडले. तिकडच्या निरक्षर बाईला जे माहीत होतं ते नेणाऱ्यांना विचारावंसं वाटलं नाही.

तर अर्धा किलो मका, आत्याबाईंच्या पानाच्या डब्यातला खायचा चुना चिमूटभर. सकाळी दाणे चोळले तर सालं निसटून हातात आली. चार पाण्यांनी धुतलं. पाटा-वरवंटा माळ्यावरून उतरवला, कारण मिक्सरमध्ये लगदा फिरेना. वाटता वाटता माझी कंबर बोलायला लागली आणि पुस्तिकेतली एक गोष्ट नीट कळली: या बायका दिवसाचे कित्येक तास पाट्यासमोर गुडघ्यावर घालवत. पुस्तिकेत हे एका ओळीत आलंय, राजाच्या टोपाला अडीच पानं आहेत. भाकरी मात्र न तुटता थापली गेली, जी नुसत्या मक्याच्या पिठाची होत नाही. खरं तर जुन्या काळात ते लोक भाकरीपेक्षा पानात गुंडाळून वाफवलेले गोळेच जास्त खायचे, तेही करून पाहिले हळदीच्या पानात. ह्यांनी दोन खाल्ले आणि ज्वारीची भाकरी मागितली.

लेकरांचे पत्ते माझ्या धंद्यातले, म्हणून त्यावर जरा थांबते. मेक्सिकोतल्या युकातान भागात माया घरांत आजही एक विधी होतो, लेकराला पहिल्यांदा कडेवर घ्यायचा. मुलगी असेल तर तिसऱ्या महिन्यात, मुलगा असेल तर चौथ्या. का, तर चुलीचे दगड तीन आणि शेताचे कोपरे चार. हातात त्या त्या कामाची वस्तू द्यायची. सून लेकीला घेऊन बसली होती, नात तेव्हा अडीच महिन्यांची. तिने पत्ता माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "घ्या. तिकडेही पोरीच्या वाट्याला चूलच." मी काही बोलले नाही. सेविका म्हणून एक सांगते, तिसऱ्या महिन्यात मान पुरती धरलेली नसते, हाताचा आधार दिल्याशिवाय कडेवर घेऊ नये. पत्त्यावरच्या चित्रात आधार दाखवलेला नाही.

कवटी चपटी करण्याचा पत्ताही आहे. जन्मल्यावर काही दिवसांतच लेकराच्या डोक्याला पुढून-मागून फळ्या बांधायच्या, कपाळ मागे उतरतं दिसावं म्हणून. डोळ्यांसमोर मणी लोंबत ठेवायचा, नजर तिरळी व्हावी म्हणून. तो सौंदर्याचा भाग. नातू 'शी' म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुझं नाक तेल लावून ओढणारी सुईण याच घरात बसली होती आणि तिला मीच थांबवलं होतं.

ही माहिती मुख्यतः दिएगो दे लांडा या स्पॅनिश पाद्र्याच्या लिखाणातून येते, साधारण १५६६ चं. याच माणसाने १५६२ च्या जुलैत मानी गावात माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आधी पोथ्या जाळल्या आणि मग लोक कसे राहतात ते लिहून काढलं! पुस्तिका त्याला 'थोर अभ्यासक' म्हणते आणि जाळपोळ गाळते. ही चूक लहान नाही.

लांडाने लग्नाबद्दल लिहिलंय ते आमच्या घरी फार चाललं. एकाच आडनावाच्या, म्हणजे बापाकडून एकाच नावाच्या मुलामुलीचं लग्न चालायचं नाही. स्थळं जुळवणारे लोक वेगळे असायचे. लग्नानंतर जावयाने पाच-सहा वर्षं सासऱ्याकडे राहून काम करायचं. काम केलं नाही तर हाकलून द्यायचे. माझा मुलगा इतका वेळ मोबाइलमध्ये होता, त्याने मान वर केली. सून म्हणाली, "माझ्या बाबांकडे सोळा एकर आहे, नांगरायला माणूस मिळत नाही." पुढचे दोन दिवस त्याला सगळे घरजावई म्हणून हाक मारत होते. हेही लिहिलेलं आहे की बायका पुरुषांबरोबर जेवत नसत आणि रस्त्यात पुरुष आला तर पाठ वळवून त्याला वाट देत. त्यावर कोणी विनोद केला नाही. आत्याबाईंनी फक्त पदर सारखा केला.

माणसाच्या नावात आईकडचं नावही यायचं. राजघराण्याच्या पत्त्यांतला मला आवडलेला एकच पत्ता याच धाग्यातला आहे. इसवी सन ६८२ मध्ये दोस पिलासची एक राजकन्या नारान्हो नावाच्या नगरात आली, तिला आज सहा-आकाश राणी म्हणतात. ६९३ मध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि कारभार तिनेच पाहिला. स्वतःचे कोरीव दगड उभारले, कैद्यावर पाय देऊन उभी असलेली दाखवून घेतलं, आणि नावापुढे पदवी लावली ती माहेरच्या नगराची. आमच्यात तांदळात बोटाने नाव लिहून ते बदलतात. माझं बदललं होतं, आत्याबाईंचं तर दोनदा. पहिलं नवं नाव जावेशी जुळलं म्हणून.

बाकीचे राजे मी उरकले. बाराव्या वर्षी, ६१५ मध्ये गादीवर आलेला पाकाल आहे, जिभेतून काटेरी दोर ओढणारी राणीही आहे. चाळीसपैकी सतरा पत्ते राजांचे आणि घरादाराचे अकरा. उरलेले देव आणि प्राणी. शेतकऱ्याचा एकच, तोही पाठमोरा. त्यांच्याकडे बैल नव्हते, गाडी नव्हती, कपाळाला पट्टा लावून सगळं ओझं माणसाच्या पाठीवर. मग ती देवळं कोणी बांधली हे पोराला कळायला नको का?

आता खरी रड. मोजणीचा संच फार छान कल्पना आहे: ठिपका म्हणजे एक, दांडी म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य, आणि वीस झाले की वरच्या ओळीत जायचं. आत्याबाई पैसे आजही विसाच्या भाषेत मोजतात, तीन विसा म्हणजे साठ. नातवाला जे मी अर्धा तास समजावत होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. पण दांड्या बारा लिहिल्या आहेत आणि निघाल्या सात. कंपनीला फोन केला. तिकडून हिंदीत सांगितलं, फोटो पाठवा. जे नाहीच त्याचा फोटो कसा काढायचा, हे विचारल्यावर फोन कटला.

चाकं म्हणजे २६० दिवसांचं पंचांग आणि ३६५ दिवसांचं, एकात एक फिरणारी. अठरा महिने वीस-वीस दिवसांचे, वर पाच दिवस अशुभ, त्यात कोणी महत्त्वाचं काम काढत नसे. दोन्ही चाकं एकाच जागी परत यायला ५२ वर्षं लागतात. आमच्याकडे ती तिसऱ्या महिन्यापर्यंत पोहोचली नाहीत. इतके बारीक दाते पुठ्ठ्याला पेलत नाहीत, हे बनवणाऱ्याने एकदा फिरवून पाहिलं असतं तर कळलं असतं. त्यात मे महिना, पत्र्याखाली पंचेचाळीस अंश. गोंद सुटला आणि कोठाराची झोपडी दुपारी आपोआप उघडली.

भाषांतर मशीनने केलंय आणि कोणी वाचलेलं नाही. मक्याच्या दाण्यांना 'धान्य कर्नल' लिहिलंय. घामाच्या अंघोळीला 'स्वेद खोली'. ही खोली मोठी उपयोगाची होती, दगड तापवून वर पाणी टाकायचं, वाफ घ्यायची, बाळंतिणीलाही तिथे शेक देण्याची रीत तिकडच्या डोंगराळ भागात आजही आहे. 'शेक' एवढं लिहिलं असतं तर आमच्याकडच्या कोणत्याही बाईला कळलं असतं.

आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत: 'माया लोक गूढरीत्या लुप्त झाले.' मग आज तीसेक माया भाषा बोलतं कोण? दक्षिणेकडची मोठी नगरं नवव्या शतकाच्या आसपास ओस पडली, दुष्काळ, लढाया, बरंच काही. पण लोक कुठे गेले नाहीत. त्यांचं शेवटचं स्वतंत्र राज्य स्पॅनिशांनी घेतलं ते १६९७ मध्ये, म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते तेव्हा. १९९२ चं शांततेचं नोबेल रिगोबेर्ता मेन्चू यांना मिळालं, त्या किचे माया. एकीकडे 'आजही कडेवर घेण्याचा विधी होतो' असं पत्त्यावर छापायचं आणि दुसरीकडे लुप्त म्हणायचं. नातवानेच ती ओळ पेनाने खोडली, मी अडवलं नाही.

पाचपैकी तीन तारे देते. चूल, झोपड्या आणि सेरेनची पानं पाच ताऱ्यांची, चाकं आणि शेवटचं पान शून्याचं. घ्यायचा असेल तर पाऊस लागल्यावर घ्या, उन्हाळ्यात गोंद टिकत नाही. पत्ता टाकताना जवळच्या ज्या गावात कुरिअर येतं तिथला टाका. आठ वर्षांच्या पोराला एकट्याने जमणार नाही, घरात कोणीतरी म्हातारं माणूस जवळ असू द्या.

पाच दांड्या आजपर्यंत आल्या नाहीत. ह्यांनी तुराट्या कापून, कानशीने घासून दिल्या. ठिपके पण तीन हरवले, तिथे चिंचोके चालतात.